तोरण तुटलं नाही

माझा बाप सुखी माणूस होता आणि त्या गोष्टीचा मला जेवढा संताप यायचा, तेवढा तो दारुडा असता तरी आला नसता. आता वय झालंय. पोटात ठेवून काय उपयोग, म्हणून सांगतो.

आमचं गाव हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावापासून चालत दोन तासांवर. राज्य निजामाचं, गाव पाटलाचं आणि आम्ही वेशीबाहेरच्या मांगवाड्यातले. धंदा दोर वळायचा. कासरा म्हणा, वेसण म्हणा, दावं म्हणा, मोटेचा नाडा म्हणा, गावात जे काही बांधलं जायचं ते आमच्या हातच्या दोरानं. दोर चालायचा, हात चालत नव्हता. आमच्याकडून घेतलेल्या कासऱ्यावर पाणी शिंपडून मग तो बैलाला लावणारी घरं मी या डोळ्यांनी पाहिलीत. बैलाला विटाळ होत होता म्हणे. बैलाला विचारलं होतं का कोणी?

माझ्या बापासारखा दोर कळमनुरीच्या बाजारापर्यंत कोणी वळत नव्हता. अंबाडीचा वाख हातात घेतला की कुठला धागा सडका आणि कुठला चिवट हे तो न बघता सांगायचा. आणि या हुन्नरापायी आमच्या घराला एक मान होता, पोळ्याच्या तोरणाचा.

पोळ्याला वेशीत दोन खांब रोवायचे आणि त्यांच्यामध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं. गावचे सगळे बैल सजवून तोरणाच्या अलीकडं उभे करायचे. बैलांची मंगलाष्टकं व्हायची. मग पाटलाचा मानाचा बैल पुढं यायचा. त्याच्या शिंगांवर लाकडी मखर बांधलेलं असायचं. मखराचा धक्का बसला की तोरण तुटायचं, ‘पोळा फुटला’ म्हणून गाव ओरडायचं आणि सगळे बैल घराकडं सुटायचे. त्या तोरणाचा दोर आमच्या घरचा. त्याबद्दल पाटील सगळ्या गावासमोर बापाला एक नारळ आणि एक पागोटं द्यायचा. द्यायचा म्हणजे वरून टाकायचा. पण टाकायचा तो माझ्या बापाच्या ओंजळीत, दुसऱ्या कोणाच्या नाही. बाकी वर्षभर ‘ए मांगा’ आणि त्या एका दिवशी मानकरी. मी लहानपणापासून त्या एका दिवसावर डोळा ठेवून होतो. एक दिवस ते पागोटं माझ्या ओंजळीत पडेल, मग मी कोणीतरी होईन, एवढंच माझं गणित होतं.

त्या गणितावर पाणी ओतलं हिंगोलीच्या मिशनमधल्या एका प्रचारकानं. मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. अंगात विटलेला कोट, पायात फाटके बूट, तोही कुठल्यातरी मांगवाड्यातलाच. तो यायचा, लिंबाखाली बसायचा, येशूच्या गोष्टी सांगायचा. आमच्या घरात बसून आमच्या गाडग्यातलं पाणी प्यायचा. दोन वर्षांत माझ्या आईबापानं बाप्तिस्मा घेतला. वाड्यातली आणखी तीन घरं त्यांच्यामागं गेली. मी पाण्यात उतरलो नाही. मला त्या कोटवाल्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

कारण बाप्तिस्मा झाल्यावर बापानं तोरण सोडलं. ते देवाच्या नावानं बांधतात, नारळ फोडतात, आता ते आपल्याला जमायचं नाही, असं त्यानं पाटलाला जाऊन सांगितलं. मान पिढ्यानपिढ्यांचा, आणि यानं तो पायातला काटा काढावा तसा काढून टाकला. मान गेला माझ्या चुलत्याकडं. चुलता म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, दोर वळण्यात निव्वळ भुसा. तो पहिल्या पोळ्याचं पागोटं डोक्याला गुंडाळून महिनाभर आमच्या दारावरून मिरवत होता. मला बघितलं की खाकरायचा.

आणि बाप? बाप खूश. दुपारी हात चालता चालता गुणगुणायचा. बाजारात कोणी त्याच्या दोराला नावं ठेवली तर हसून म्हणायचा, बराबर हाय मालक, पुढच्या खेपेला बघू. पूर्वी असं कोणी बोललं असतं तर तीन दिवस त्याला भाकर गोड लागली नसती. मला कळेना की ज्याच्याकडं जमीन नाही, होता तो मान नाही, ज्याला गाव हाडतूड करतं, तो माणूस खूश राहतो तरी कशाच्या जोरावर? मला वाटायचं, हा हरला आहे आणि हरल्यालाच हा देव म्हणतोय. एकदा मी तसं तोंडावर बोललो. तो म्हणाला, पोरा, तू जेवून घे.

मी एकोणीस वर्षांचा झालो. लग्न झालं होतं. दुसरी मोठी जागतिक लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट असेल. आदल्या पोळ्याला चुलत्याचं तोरण मंगलाष्टकं चालू असतानाच नुसत्या वाऱ्यानं तुटून पडलं होतं. बैल उधळले, दोन म्हाताऱ्या पडल्या, पाटलाची शोभा झाली. पाटलानं चुलत्याला शिव्यांची लाखोली वाहिली. ती ऐकून मला जो आनंद झाला तो देवानं माफ केला असेल तर केला असेल.

पुढचा पोळा आठवड्यावर आला तसा मी पाटलाच्या गोठ्याबाहेर जाऊन उभा राहिलो. पाटील बैलांना खुराक घालून घेत होता. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातचं तोरण तो घेणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मी खोटं बोललो. म्हणालो की यंदाचं तोरण बाप वळतोय, चुलत्याला काम देऊ नका. पाटलाच्या मिशीत हसू आलं. आला का ताळ्यावर, म्हणाला, गाढवाला गुळाची चव उशिरा कळली.

बाप त्या दिवशी कळमनुरीच्या बाजाराला गेला होता. मी मागल्या हंगामाच्या अंबाडीतला निवडक वाख काढला, ओढ्याकाठच्या बाभळीला बांधला आणि वळायला बसलो. आता नीट ऐका, कारण माझा गाढवपणा इथंच आहे. बाप तोरण वळायचा ते उरल्यासुरल्या वाखाचं, सैल हातानं, आणि मधे एक वीतभर तर पीळच द्यायचा नाही. मी ते लहानपणापासून पाहिलं होतं. पण मला वाटायचं, म्हाताऱ्याचा आळस आहे हा. मानाचं काम आणि त्याला रद्दी वाख? मी दोर तीन पेडांचा वळला. मोटेच्या नाड्याला देतात तसा पीळ दिला, ओला करून ताणला, पुन्हा पीळ दिला. चुलत्याचं वाऱ्यानं तुटलं ना? माझं बैलालाही जोर लावून तोडावं लागेल, आणि मग गाव विचारील हे कोणाचं. माझ्या बायकोनं एकदा विचारलं की एवढं जाड काहून, तोडायचंच हाय ना? मी तिला गप बस म्हणालो.

पोळ्याच्या दिवशी मी स्वतः पानं ओवून ते खांबांना बांधलं. विचारेल त्याला सांगितलं, बापाचं आहे. ख्रिस्ती वठणीवर आला म्हणून पाटलानं चार लोकांत बोलूनही दाखवलं. बाप घरीच होता. पोळ्याला तो वेशीकडं फिरकत नसे.

मंगलाष्टकं झाली. हलग्या कडकडल्या. मानाचा बैल पुढं आला, मखर तोरणाला लागलं आणि तोरण तुटलं नाही. बैल थांबला. मागून गड्यानं ढोसलं. बैलानं मुंडी खाली घालून जोर केला, दोर मखराखालून सरकून शिंगाच्या मुळाशी आवळला. हलग्या वाजतच होत्या. बैल बिचकला, मागं ओढला, गर्रकन फिरला, एक खांब उपटून त्याच्या पायांत आला. पाटलाचा मानाचा बैल वेशीत सगळ्या गावासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याचं डावं शिंग मुळापासून मोडलं. रक्ताची धार झुलीवर आली. दोर कोयत्यानं कापावा लागला. कापणाऱ्याला तीन घाव लागले.

पोळा फुटलाच नाही. बैल हातात धरून लोक गुपचूप घरी नेत होते. तेवढ्यात माझा चुलता मोठ्यानं बोलला की ख्रिस्त्यानं मुद्दाम केलं, देवाचं तोरण बाटवलं, गावावर संकट आणलं. मग काय, अख्ख्या गावाला तेच आठवलं. कोणी म्हणालं मिशनची चारही घरं जाळा. पाटलानं बापाला चावडीपुढं बोलावून घेतलं.

बाप आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पाटलानं तो कापलेला दोर त्याच्यापुढं फेकला आणि विचारलं, हा तुझा का? बापानं दोर उचलला, अंगठ्यानं पीळ चाचपला. माझा हात त्याला ओळखू येणार नाही तर कोणाला? त्यानं मान वर करून गर्दीत मला शोधलं. मी खाली बघितलं.

“दोर माझ्या घरचा हाय, मालक,” तो म्हणाला. “मुद्दाम न्हाई झालं. बैलाला तकलीफ झाली ते लई वाईट झालं. काय करायचं ते मला करा, बाकीच्या घरांला हात लावू नका.”

पाटलाच्या गड्यानं त्याला पायताणानं पाच तडाखे मारले. मग तेच पायताण डोक्यावर धरून त्याला चावडीपासून वेशीतून मांगवाड्यापर्यंत चालवलं. पोरं मागून शेण फेकत होती. त्याशिवाय वर्षभर आमचा दोर गावात कोणी घ्यायचा नाही असा हुकूम झाला. आणि मी? एकोणीस वर्षांचा घोडा, बायकोचा नवरा, बापाच्या डोक्यावर पायताण असताना गर्दीत मान घालून उभा. लोकांनी आयुष्यात मला बरंच काही म्हटलं, पण त्या दिवशी मी स्वतःला जे म्हटलं ते कोणाला सुचलं नसतं.

घरी आलो. आईनं बापाच्या पाठीला हळद-तेल लावलं होतं. बायकोनं माझ्यापुढं ताट ठेवलं नाही. म्हणाली, भाकर मंग खा, आदी पाटलाकडं जा आणि खरं सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पाटील ओसरीवर होता, मी अंगणाच्या कडेला. सगळं सांगितलं. दोर मी वळला, बापाचं नाव मी लावलं, त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. वाटलं होतं, आता मलाही पायताण बसेल, आणि खरं सांगतो, बसावं असं मनात होतं. पाटील उठला. त्यानं आतून तो दोराचा तुकडा मागवला, हातात ओढून बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

“हा तू वळलास? तुझ्या बापाच्या उमेदीतबी असा पीळ बसला न्हाई. माझ्या मोटेचा नाडा आता तूच वळायचा.”

जे ऐकायला मी जन्मभर तरसलो होतो ते पाटलाच्या तोंडून माझ्या कानावर पडलं. बापाहून चांगला. अख्ख्या गावात चांगला. आणि मला ते नकोसं झालं. काल याच दोरासाठी यानं माझ्या बापाला मारलं होतं, आज त्याच दोराची वाहवा करून राहिला होता, आणि दोन्ही वेळेला माणूस कुठंच नव्हता. दोर चुकला तर पायताण, दोर जमला तर शाबासकी. मी म्हणालो, मालक, मग चावडीवर सांगा की बापाचा कसूर नव्हता. पाटलाचा चेहरा फिरला. पाटील चुकला म्हणून दवंडी पिटू का, म्हणाला. झालं ते झालं, त्यानं पाच खाल्ले तर त्याची काय इज्जत गेली? तुमाला इज्जत असते का रे?

मी नाडा वळणार नाही म्हणून सांगितलं. गड्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. दंडाला धरलं तेव्हा मात्र त्याला विटाळ झाला नाही.

माझ्या कबुलीनं बापाचं काही भलं झालं नाही. हुकूम तसाच राहिला. पाटलाचा नाडा चुलत्यानं वळला. तो चुलता मेला तेव्हा मी मातीला गेलो, पण माफ केलंय असं म्हणणार नाही. ते अजून व्हायचं आहे. मास्तर म्हणायचे प्रार्थना कर. करतो. उपयोग बेताचाच आहे.

घरी येऊन मी बापापुढं बसलो. पाठ दुखत होती म्हणून तो पालथा झोपला होता. मी विचारलं, बा, काहून घेतलं अंगावर? मला पुढं करायचं होतंस. त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं.

“तोरणाचा मान माझ्याकडं व्हता ना, तवा मला लई भ्या वाटायचं,” तो म्हणाला. “पोळा आला की झोप न्हाई. कोणी माझ्याहून चांगला वळला तर मी कोण? मंग मास्तरानं सांगितलं, देवानं तुला घेतलं ते तुझं काम बघून न्हाई. मला आदी पटलंच न्हाई. फुकट कोण घेतंय? पण ज्या दिवशी पटलं त्या दिवसापासून ते भ्या गेलं. काल पायताण डोक्यावर व्हतं तवाबी आलं न्हाई. मी वाट बघत व्हतो, येतंय का म्हणून.”

मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. मी उठून बाहेर गेलो.

त्या साली बाप आणि मी दोर घेऊन कळमनुरीचा आणि हिंगोलीचा बाजार करायचो. पोट अर्धं भरायचं. वाटेनं तो गुणगुणायचा आणि मी दगड लाथाडत चालायचो. उन्हाळ्यात मी मास्तरांना म्हणालो की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. मन बदललं होतं, पण खोड गेली नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जातो होय? प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, विश्वासाची वचनं, मास्तरांनी दिलं ते सगळं मी तोंडपाठ केलं. आजवर एवढ्या लवकर कोणी केलं नाही, असं मास्तर म्हणाले आणि मी दोन दिवस हवेत होतो. ठरवलं होतं की हिंगोलीचे लोक बघत राहतील असं म्हणून दाखवायचं.

पावसाळ्यात बाप्तिस्म्याचा दिवस आला तेव्हा कयाधू नदीला कमरेइतकं पाणी होतं. काठावर वीस-पंचवीस माणसं. आमच्या गावचेही चार-पाच जण बाजाराला आलेले, मजा बघायला थांबले होते. त्यांतल्या एकानं ओरडून विचारलं की आज कोणाचं शिंग मोडतो? बाकीचे हसले. मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला आणि माझ्या डोक्यातून सगळं गेलं. एक अक्षर उरलं नाही. मास्तरांनी पहिला शब्द सांगितला, तरी नाही. दुसरा सांगितला, तरी नाही. काठावरचे लोक पुन्हा हसले. माझे कान तापले. आता मास्तर म्हणणार, जा, नीट पाठ करून पुढच्या साली ये.

मी बापाकडं बघितलं. तो काठावर माझा सदरा घेऊन उभा होता. माझं पाठांतर चुकतंय याची त्याला काळजी नव्हती. चावडीपुढं त्यानं मला जसं बघितलं होतं तसाच आताही बघत होता. यावेळी मी मान खाली घातली नाही.

“मास्तर, मला काहीच येत न्हाई,” मी म्हणालो. “मी ह्या माणसाला मार खाऊ दिला. तेवढं एक बराबर ठाऊक हाय.”

बाप तसाच धोतर न खोचता पाण्यात उतरला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

“पोरगं माझं हाय,” तो मास्तरांना म्हणाला. “घ्या त्याला.”

मास्तरांनी मला पाण्याखाली घातलं. वर आलो तेव्हा काठावरचे लोक अजून हसतच होते आणि बाप पाण्यात भिजलेल्या सदऱ्यानं माझं तोंड पुसत होता.